मिटणे आणि बंद करणे

दिवसाचे काम आटोपल्यावर लॅपटॉप पुरता बंद करावा, हायबरनेट करावा, की नुसते झाकण मिटून उठावे, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा गृहशास्त्राच्या अंगाने विचारला जातो. फ्रिज सतत चालू असतो म्हणून टिकतो, दिवा वारंवार लावला-मालवला की जातो, सिग्नलपाशी स्कूटर बंद करावी की करू नये, अशा परंपरागत ज्ञानाच्या उतरंडीवर आपण हे आणखी एक गाडगे चढवून ठेवले आहे. उत्तर देणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. एक म्हणतो, रोजच्या बंद-चालूने यंत्र झिजते; दुसरा म्हणतो, यंत्रालाही विश्रांती हवी. दोन्ही पंथांचे लोक आपले म्हणणे इतक्या जिव्हाळ्याने सांगतात, की लॅपटॉप हा घरचा जुना बैल असावा असे ऐकणाऱ्याला वाटते. आमच्या मते झिजेचा हा वाद केव्हाच निकालात निघाला आहे. निकालात न निघालेला वाद 'बंद' या शब्दाच्या अर्थाचा आहे, आणि तो भाषेच्या प्रांतातला असल्यामुळे साहित्याच्या वाचकांपुढे मांडण्यास आम्हाला संकोच वाटत नाही.

प्रथम अवस्थांविषयी. एक लेखक मेजाशी लिहीत बसला आहे अशी कल्पना करावी. तो चहाला उठतो. कागद पसरलेले, पेन उघडे, दिवा बारीक करून ठेवलेला. ही स्लीप. यंत्राची तात्कालिक स्मृती, जिला रॅम म्हणतात, ती विजेवर जगते. वीज तुटली की तिच्यातले सारे पुसले जाते. म्हणून स्लीपमध्ये पडदा, प्रोसेसर, डिस्क हे सारे निजले तरी रॅमला विजेचा बारीक घोट मिळत राहतो. दुसऱ्या वेळी लेखक मेजावरचे कागद ज्या क्रमाने पसरले होते त्याच क्रमाने पेटीत भरतो, पेटी लावतो, दिवा मालवतो आणि निघून जातो. परतल्यावर तोच पसारा तसाच मांडतो. हे हायबरनेशन. रॅममधला मजकूर डिस्कवर उतरवून घेतला जातो आणि मग वीज तोडली जाते. विंडोजमध्ये ही पेटी म्हणजे सी ड्राइव्हच्या मुळाशी दडवलेली 'हायबरफिल' नावाची फाइल. तिसऱ्या वेळी लेखक लिहून झालेले बाडात लावतो, नको ते टोपलीत टाकतो आणि मेज पुसून जातो. उद्या कोरा कागद.

१९९६ च्या डिसेंबरात इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून एसीपीआय नावाची एक संहिता प्रसिद्ध केली. तीत यांपैकी स्लीपला एस-३, हायबरनेशनला एस-४ आणि पूर्णपणे बंद अवस्थेला एस-५ असे क्रमांक आहेत. जागृती, स्वप्न, सुषुप्ती हे शब्द कीर्तनातून कानावर पडलेल्या मराठी वाचकाला ही विभागणी अगदीच परकी वाटू नये. त्या समितीत एखादा वेदान्तीही असावा, कारण त्यांनी जागृतीला शून्य क्रमांक दिला आहे.

हायबरनेशन या नावाविषयी मात्र आमची तक्रार आहे. शाळेच्या जीवशास्त्रात आपण 'शीतनिद्रा' शिकतो. शीतनिद्रेतल्या प्राण्याचे हृदय मंद गतीने चालू असते, अंगातली चरबी हळूहळू खर्ची पडत असते. हे वर्णन स्लीपला तंतोतंत लागू आहे. हायबरनेट केलेल्या लॅपटॉपमध्ये घड्याळापुरता विजेचा थेंब सोडला तर काहीच चालू नसते. खरी शीतनिद्रा एकीकडे आणि तिचे नाव दुसरीकडे, असा हा प्रकार आहे. नावे ठेवणाऱ्यांना नावे ठेवण्यावाचून गत्यंतर नाही.

आता झीज. बंद-चालू केल्याने यंत्र मरते ही समजूत तारेच्या दिव्यांच्या आणि काचेच्या जाड पडद्यांच्या काळातली आहे, आणि त्या काळी ती अगदीच निराधार नव्हती. थंड तारेतून पहिल्या क्षणी जास्त प्रवाह धावतो, म्हणून दिवा लावतानाच जातो. लॅपटॉपात अशी तार नाही. त्यातल्या फिरत्या हार्ड डिस्कचे वाचनमुख तर यंत्र चालू असतानाही दिवसातून कितीतरी वेळा आपोआप बाजूला जाऊन बसते. ही हालचाल काही लाख वेळा सोसण्याच्या हिशेबानेच ती घडवलेली असते. एसएसडीवाल्यांची भीती वेगळी आहे. प्रत्येक हायबरनेशनला डिस्कवर काही जीबी लिहिले जातात आणि एसएसडीची लेखनक्षमता मर्यादित असते, हे दोन्ही खरे. पण हिशेब करून पाहावा. १६ जीबी रॅमच्या यंत्रात विंडोज या फाइलसाठी रॅमच्या सुमारे ४० टक्के, म्हणजे साडेसहा जीबीच्या आतबाहेर जागा राखते. रोज दोनदा ती पुरी भरली असे धरले, तरी वर्षाला पावणेपाच टेराबाइटच्या पुढे आकडा जात नाही. अडीचशे जीबीच्या एसएसडीला दीडशे टेराबाइट लेखनाची हमी देणारे उत्पादक आहेत. म्हणजे तीस वर्षांची निश्चिंती झाली. तीस वर्षे टिकलेला लॅपटॉप कोणाच्या घरी असल्यास त्याने तो संग्रहालयाला द्यावा.

तेव्हा यंत्राच्या प्रकृतीचा प्रश्न बाजूला ठेवता येतो. राहतो तो माणसाच्या सोयीचा आणि अधिकाराचा.

सोयीच्या बाजूने हायबरनेशनचे पारडे जड आहे, हे मान्य करण्यात आम्हाला कमीपणा वाटत नाही. अर्धवट राहिलेल्या कामाला एक जागा असते. उघडी चार बाडे, शब्दकोशाचे एक पान, मधल्याच परिच्छेदात थांबलेली तिरीप, हे सारे उद्या पुन्हा मांडायचे तर अर्धा तास जातो, आणि त्या अर्ध्या तासात विचाराचा धागा तुटतो तो निराळाच. महाराष्ट्रात या शतकाच्या पहिल्या दशकात रोजचे भारनियमन ज्यांनी सोसले, त्यांना स्लीप आणि हायबरनेट यांतला फरक कोणी शिकवावा लागला नाही. स्लीपमध्ये ठेवलेल्या यंत्राची बॅटरी संपली की अर्धवट मजकूर गेला. हायबरनेट केलेल्याचे काही जात नाही. तरीही हायबरनेट करणे म्हणजे जतन करणे असे कोणी समजू नये. एखाद्या बिघडलेल्या ड्रायव्हरपायी यंत्र शीतनिद्रेतून नीट उठत नाही, असेही होते. मजकूर आधी जतन करावा, मग झोपवावे.

पण अर्धवट कामाला जागा देणे वेगळे आणि कधीच काही न संपवणे वेगळे. तीन-तीन आठवडे ज्यांचा लॅपटॉप एकदाही बंद होत नाही, त्यांच्या पडद्यावर काय दिसते? गेल्या महिन्यात वाचायला म्हणून उघडलेली चाळीस पाने, पाठवायचे राहून गेलेले पत्र, एकाच फाइलच्या तीन प्रती. पूर्ण बंद करण्याची सवय असलेल्या माणसाला रोज एकदा ठरवावे लागते की यातले काय ठेवायचे आणि काय टाकायचे. हायबरनेशन हा निर्णय पुढे ढकलते. एखाद-दुसऱ्या दिवसासाठी ढकलला तर ठीक. महिनोन्महिने ढकलला तर ती अडगळ होते.

यंत्राच्या आतही अशीच अडगळ साचते. प्रोग्राम स्मृतीचा तुकडा मागून घेतात आणि परत करायला विसरतात; काळ मोजणारे आकडे वाढत जाऊन त्यांच्यासाठी राखलेल्या जागेत मावेनासे होतात. विंडोज ९५ आणि ९८ सलग ४९.७ दिवस चालले की गोठत, कारण मिलिसेकंद मोजणारा बत्तीस बिटांचा आकडा तेथे भरून जाई. घरच्या संगणकाबाबत हा विनोद होता, कारण ती यंत्रे एकोणपन्नास दिवस न कोलमडता चालणे हीच दुर्मीळ गोष्ट होती. इतरत्र तो विनोद राहिला नाही. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धहरान येथे अमेरिकन सैन्याच्या पॅट्रिअट यंत्रणेला चालून येणारे स्कड क्षेपणास्त्र अडवता आले नाही आणि बराकीतले २८ सैनिक ठार झाले. ती यंत्रणा सुमारे शंभर तास बंद न करता चालवलेली होती. ती काळ सेकंदाच्या दशांशात मोजत असे. एक दशांश ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी लिहिता येत नाही, म्हणून दर मोजणीला सूक्ष्म चूक होई आणि ती साचत जाई. शंभर तासांत ती एक तृतीयांश सेकंदाइतकी झाली. तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. यंत्रणा बंद करून पुन्हा चालू करणे हे मिनिट-दीड मिनिटाचे काम होते, आणि त्याने ही चूक शून्यावर आली असती. फार वेळ सलग चालवल्यास नेम ढळतो, अशी सूचना चार दिवस आधी पाठवलीही गेली होती. पण 'फार वेळ' म्हणजे किती तास, हे तीत लिहिलेले नव्हते. सुधारलेला प्रोग्राम दुसऱ्या दिवशी पोहोचला.

शब्द ढिला राहिला की काय होते, याचे यापेक्षा कठोर उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. पुढे २०१५ साली अमेरिकेच्या विमान नियामकांनी बोइंग ७८७ विमानांबाबत आदेश काढला, की वीज सलग २४८ दिवस चालू राहिल्यास जनित्रांचे नियंत्रक एकदम बंद पडू शकतात, म्हणून ती ठरावीक मुदतीत तोडलीच पाहिजे. या वेळी मुदत दिवसांत लिहिली होती. आपल्याकडे पंढरपुरात आषाढीच्या आधी देवाचा पलंग काढतात, मग मंदिर अहोरात्र उघडे राहते, आणि यात्रा सरली की प्रक्षाळपूजा करून देवाचा शीण घालवतात. त्यानंतरच शेजारतीसह नित्याचे उपचार पुन्हा सुरू होतात. सलग चालणाऱ्याला मधूनच पुरते थांबवले पाहिजे, हे तिथेही कोणाला तरी सुचलेले दिसते.

तर, आपला लॅपटॉप आठवड्यातून निदान एकदा पुरता बंद व्हावा, इतके मान्य झाले असे समजू. वाचक म्हणेल, यात अवघड ते काय; शटडाऊनवर टिचकी मारली की झाले. येथेच आमच्या मूळ तक्रारीशी आपण येतो. ज्यांच्याकडे विंडोज आहे अशांनी आज रात्री रीतसर शटडाऊन करावे, उद्या सकाळी यंत्र चालू करून टास्क मॅनेजर उघडावा, त्यातल्या परफॉर्मन्स या पानावर सीपीयूच्या खाली 'अप टाइम' पाहावा. यंत्र किती वेळ सलग चालू आहे ते तेथे दिसते. बहुतेकांना तेथे काही मिनिटांऐवजी काही दिवस दिसतील.

याचे कारण २०१२ साली विंडोज ८ बरोबर आलेली फास्ट स्टार्टअप ही सोय. ती विंडोज १० आणि ११ मध्येही आहे, आणि बहुतेक लॅपटॉपांवर विकत घेतल्या दिवसापासून चालूच असते. तिच्यात शटडाऊन म्हटल्यावर वापरणाऱ्याचे उघडे प्रोग्राम मिटवले जातात खरे, परंतु त्याखालचा गाभा, ड्रायव्हरांसकट, डिस्कवर हायबरनेट होतो. सकाळी तो तसाच उचलून पुन्हा मांडला जातो, म्हणून यंत्र लवकर उघडते. मेजावरचे तुमचे कागद फेकून दिले, आणि ज्या फळीला वाळवी लागली ती मात्र जपून ठेवली, असा हा व्यवहार आहे. गंमत अशी की रीस्टार्ट केल्यास सारे खरोखर नव्याने उभे राहते. म्हणजे 'बंद करा' या आज्ञेने यंत्र पुरते बंद होत नाही आणि 'पुन्हा सुरू करा' या आज्ञेने ते होते. प्रिंटर अडला, ध्वनी गेला, तर 'एकदा बंद करून चालू करा' हा जो सनातन सल्ला आपण एकमेकांना देतो, तो शब्दशः पाळणाऱ्याचा दोष जागच्या जागी राहतो, आणि सल्ला देणारा व घेणारा दोघेही चकित होतात. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स नांदवणाऱ्यांना हे अधिक जाचते. रात्री विंडोज बंद करून लिनक्स उघडावे, तर ते विंडोजच्या ड्राइव्हवर लिहायला नकार देते, कारण त्याला तो ड्राइव्ह अर्ध्या झोपेत दिसतो. लिनक्सचे बरोबर असते.

यावर कोणी म्हणेल, शेवटाचे नाव न घेण्याची रीत तर आपल्या भाषेतही आहे. खरे आहे. मराठी माणूस घराबाहेर पडताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. दिवा 'मालवतो', नारळ 'वाढवतो', बांगडी फुटली तरी ती 'वाढली' असेच म्हणतो. पण हा संकोच उघडा आहे. 'येतो' म्हणणारा निघाला आहे, हे सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांना ठाऊक असते. 'येतो' म्हणून कोणी कपाटामागे लपून बसत नाही. शटडाऊनचा अर्थ बदलला तो वापरणाऱ्याला न विचारता, आणि शब्द तोच ठेवून. यंत्र लवकर उघडावे हा हेतू चांगला होता. त्यासाठी चौथी आज्ञा वेगळ्या नावाने देता आली असती. शिवाय ही सोय सुचली तेव्हा फिरत्या डिस्कचे संगणक उघडायला दीड-दोन मिनिटे घेत असत. एसएसडीच्या यंत्रात वाचणारा वेळ आता मोजक्या सेकंदांचा आहे.

या कंपन्यांचा हा खोडसाळपणा नसून धांदल आहे, असे आम्ही मानतो. कारण त्यांनाही काय हवे ते कळलेले दिसत नाही. २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टाच्या स्टार्ट मेनूत बंद करण्याचे चिन्ह दाबले की यंत्र निजत असे. दोन वर्षांनी विंडोज ७ ने त्याच जागी शटडाऊन असा स्पष्ट शब्द आणला. पुढे विंडोज ८ ने हायबरनेट हा पर्यायच मेनूतून काढून कंट्रोल पॅनेलच्या तळघरात ठेवला. झाकण मिटण्याचेही तसेच. अनेक नव्या लॅपटॉपांत एस-३ ही अवस्था उरलेलीच नाही. तिच्या जागी मॉडर्न स्टँडबाय आहे, आणि त्यात यंत्र क्रमांकाने जागृतीतच राहते: पडदा काळा, पण आत टपाल येते आहे, अद्यतने उतरत आहेत. असा लॅपटॉप मिटून पिशवीत घातला आणि प्रवासाच्या शेवटी तो तापलेला, बॅटरी रिकामी झालेला हाती आला, हा अनुभव आता सार्वत्रिक आहे. पुस्तक मिटले की ते वाचायचे थांबते. मिटलेल्या लॅपटॉपबद्दल तेवढे म्हणता येत नाही.

आणखी एक बाजू आहे, ती गुप्ततेची. डिस्क कूटबद्ध करून ठेवणाऱ्यांना वाटते की आपली कागदपत्रे सुरक्षित आहेत. पण यंत्र स्लीपमध्ये असताना ते कूट उघडणारी किल्ली रॅममध्येच असते. २००८ साली प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की वीज तोडल्यावरही रॅममधला मजकूर काही सेकंद टिकतो, आणि धूळ झाडण्याच्या फवाऱ्याचा डबा उलटा धरून ती गोठवली तर कित्येक मिनिटे. तेवढ्यात किल्ली वाचता येते. म्हणजे पत्रकाराने, वकिलाने, किंवा दुसऱ्यांची गुपिते सांभाळणाऱ्या कोणीही लॅपटॉप नुसता मिटून प्रवासाला निघणे बरे नव्हे. त्याने तो हायबरनेट करावा किंवा बंद करावा. उलटपक्षी डिस्क कूटबद्ध नसेल तर हायबरनेशनची ती फाइल म्हणजे तुमच्या मेजाचे डिस्कवर पडून राहिलेले छायाचित्र आहे, आणि गुन्ह्यांचा तपास करणाऱ्यांना ती कुठे शोधायची ते ठाऊक असते. लॅपटॉप दुरुस्तीला देताना किंवा विकताना याचा विचार फारच थोडे लोक करतात.

फोन तर आपण कधीच बंद करत नाही, मग लॅपटॉपाचेच एवढे कौतुक कशाला, असा एक आक्षेप आम्ही वारंवार ऐकतो. फोन ही हाकेला ओ देण्यासाठी जागी ठेवलेली वस्तू आहे. लॅपटॉप हे, निदान लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांसाठी, कामाला बसण्याचे ठिकाण आहे, आणि त्या ठिकाणावरून उठता आले पाहिजे. फोनसारखा सदा जागा लॅपटॉप ज्यांना हवा त्यांनी तो खुशाल घ्यावा. आमची मागणी एवढीच की ज्याला तो नको, त्याने 'बंद' म्हटल्यावर यंत्राने बंद व्हावे.

तोवर आमचा पाठ असा. चहाला उठताना स्लीप. काम अर्धवट असून उद्या त्याच ओळीवर यायचे असेल तर हायबरनेट, आणि त्यासाठी तो पर्याय कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधून मेनूत परत आणून ठेवणे. काम संपले की शटडाऊन. मात्र फास्ट स्टार्टअपवरची खूण त्याच पानावर एकदाच काढून टाकावी. दुसऱ्याच्या यंत्रावर असाल आणि ती खूण काढण्याचा अधिकार नसेल, तर शिफ्टची कळ दाबून धरून शटडाऊनवर टिचकी मारावी. तेवढ्यापुरते यंत्र पुरते बंद होते. दिवाळीला पंधरा दिवस गावी जायचे असेल आणि लॅपटॉप घरीच राहणार असेल, तर बॅटरी निम्म्याच्या आसपास ठेवून तो असाच बंद करावा. लिथियमची बॅटरी शून्यावर बरेच दिवस पडून राहिली की खराब होते, आणि स्लीपमध्ये विसरलेला लॅपटॉप पंधरा दिवसांत तेथे हमखास पोहोचतो.